हौदाचं पाणी आणि काळ्या पडलेल्या बाटल्या

पाणी अगदी नितळ होतं. वास नाही, चव नेहमीचीच. म्हणून तर वाद इतका लांबला. श्रावणाच्या तोंडावर घरात एकेकाचं पोट बिघडायला लागलं आणि प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं. अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा राग बाहेरून आलेल्या बेडई-कचोरीवर. सासूबाईंचा फ्रिजमधल्या शिळ्यापाक्यावर. ह्यांचं म्हणणं, हवा बदलली की असं होतंच. मलाही ते पटून चाललं होतं. पण मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरूंची धाकटी मुलगी आजारी पडली तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यांची चूल वेगळी, भाजीवाला वेगळा, दूधही वेगळं. त्यांच्यात आणि आमच्यात सामाईक काय, तर अंगणातला हौद.

ग्वाल्हेरला लश्कर नावाच्या भागात आमचा जुना वाडा आहे. नळ एक दिवसाआड येतात, तेही सकाळी तासाभरासाठी. ते पाणी अंगणाखालच्या हौदात साठतं, हौदातून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत जातं आणि टाकीतून सगळ्यांच्या घरात. अंगणात एक विहीरही आहे, पण तिच्यावर कैक वर्षांपासून जाळी आहे आणि जाळीवर सासूबाईंच्या तुळशीच्या कुंड्या.

माझी पुतणी जीवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. तिला फोन केला, तर म्हणाली, "काकू, आधी कालनिर्णयावर नळाच्या दिवसांना खुणा करा. मग कुणाचं पोट कधी बिघडलं ते लिहा. आणि मोठा पाऊस कधी पडला तेही." घरात कुणालाच नेमक्या तारखा आठवत नव्हत्या, पण पाऊस आठवत होता, कारण त्या दिवशी गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. जोराचा पाऊस, त्यानंतर नळाचा दिवस, आणि मग एक-दोन दिवसांत कुणीतरी आडवं. कचोरी ह्या हिशेबात कुठेच बसेना.

भाडेकरूंच्या मुलीच्या शौचात रक्त दिसलं तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक देण्याआधी शौचाचं कल्चर करायला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहायला सांगितलं. तिच्या बाबांच्या हातात गेल्या वर्षीची उरलेली गोळ्यांची पट्टी होती. ती डॉक्टरांनी काढून घेतली, हे फार बरं केलं. कल्चरमध्ये शिगेला निघाला. ह्या जंतूंनी बरीच औषधं पचवायला शिकून घेतलंय, त्यामुळे कोणतं लागू पडेल ते रिपोर्ट पाहूनच ठरवावं लागतं. शिगेलाचा दुसरा गुण मला तेव्हाच कळला. बहुतेक जंतू पोटातल्या आम्लात मरतात. पटकीचे जंतू तर धडधाकट माणसाला आजारी पाडायला कोट्यवधींच्या संख्येनं पोटात जावे लागतात. शिगेलाला ते आम्ल सोसतं, त्यामुळे दहा ते शंभर जंतूसुद्धा पुरतात. पाण्याच्या एका घोटात तेवढे सहज मावतात.

आणि अण्णा सगळ्यात आधी का आजारी पडले त्याचाही उलगडा झाला. ते कित्येक महिने रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात. आपल्याला त्रास देणारं ते आम्लच जंतूंसाठी दारावरचा पहारेकरी आहे. गोळीनं त्याला रजेवर पाठवलं की एरवी जे जंतू वाटेतच मेले असते तेही आतड्यापर्यंत पोचतात. अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि गोळी घेत राहिले. गोळी चालू ठेवायची की नाही हे शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं, आता जेवण पाहून कधीतरीच घेतात.

पुतणी रविवारी आली ती पिशवीत छोट्या काचेच्या बाटल्या घेऊन. बाटलीत तपकिरी डागाची कागदाची पट्टी, बाहेरून वीस मिलिलिटरची रेघ. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, ठेवून द्यायचं. पाणी काळं पडलं तर मैलापाण्याचा संशय. बस, एवढंच. ही चाचणी आमच्या ग्वाल्हेरची आहे हे मला माहीतच नव्हतं. झाशी रोडवर संरक्षण खात्याची जी संशोधन संस्था आहे, डीआरडीई, तिथल्या मांजा, मौर्य आणि राव ह्या तिघांनी ती बसवली आणि 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापली. ज्या गावात प्रयोगशाळा नाही, बर्फ नाही, वीज नाही, तिथेही पाणी तपासता यावं म्हणून. त्या रस्त्यावरून मी आयुष्यभर ये-जा केली आहे.

पट्टीवर पेप्टोन म्हणजे जंतूंचं खाणं, थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार असतो. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे काही जंतू थायोसल्फेटमधला गंधक वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याचा वास येतो तोच वायू. तो लोहाशी जुळला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. गंमत अशी की ज्याचं नाव आपण सारखं ऐकतो तो ई. कोलाय सहसा हा वायू सोडत नाही, आणि शिगेलाही नाही. सोडतात ते त्यांचे शेजारी, सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला वगैरे. म्हणजे बाटली गुन्हेगाराला पकडत नाही. पाण्यात मैला शिरलाय का, एवढंच सांगते. उलटंही होऊ शकतं. काही बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, तिथे बाटली उगाच काळी पडते.

पाणी कुठून घ्यायचं ह्यावर पुतणीनं सगळ्यात जास्त वेळ घालवला. मला वाटलं होतं, स्वयंपाकघरातल्या नळाचं एक बाटलीभर घेतलं की झालं. तिनं बाटल्यांवर चिकटपट्टी लावून नावं घातली. नळ आल्याबरोबरचं पहिलं पाणी, पंधरा मिनिटं वाहू दिल्यानंतरचं, हौद, गच्चीची टाकी, ओट्यावरचा नळ, आरओ, आणि शेजारच्या काकांच्या घरचं पहिलं पाणी. विहिरीची बाटली अण्णांच्या आग्रहाखातर. पावसाळ्यात आमच्याकडे घरातलं तापमान तिशीच्या आसपास असतं, ते ह्या चाचणीला चालतं, म्हणून बाटल्या देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या. सासूबाईंना ते अजिबात आवडलं नाही. "देवाच्या डोक्यावर गटार ठेवता?" मग त्या कोठीघरात गेल्या.

सकाळी पाहिलं तर पहिल्या पाण्याची बाटली काळी कुळकुळीत. काळेपणा आधी पट्टीवर येतो आणि तिथून धुरकट रेषा खाली सुटतात. हलवली की सगळं पाणी दवातीतली शाई. पंधरा मिनिटांनंतरचं पाणी जेमतेम राखाडी. हौद काळा, टाकी काळी, ओट्यावरचा नळही काळा. विहीर काळी, अण्णा गप्प. शेजारच्या काकांची बाटली मात्र होती तशीच पिवळसर. आरओची बाटली रात्रभर स्वच्छ राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्यातही पट्टी काळपट झाली.

आरओनं माझा खरा विश्वासघात केला. पुतणी म्हणाली, यंत्रातला कोळशाचा फिल्टर क्लोरीन काढून घेतो. चव त्यामुळेच चांगली लागते. पण त्यापुढच्या छोट्या टाकीत आणि नळीत मग जंतूंना अडवायला काहीच उरत नाही. यंत्रातला बारीक गाळणीचा पडदा जंतूंना थोपवतो हे खरं, पण पाणी पुढच्या बाजूला तासन्‌तास साठून असतं, आणि तोटीला आपण ओल्या हातानं, कणकेच्या हातानं कितीदा हात लावतो ते आठवा. आमच्या यंत्राची फिल्टरं बदलायची तारीख कधीच उलटून गेली होती.

बाटलीवर मी भांडायला जाऊ शकत नव्हते, म्हणून ओळखीच्या एका प्रयोगशाळेत रीतसर तपासणी केली. तिथला नमुना घ्यायचा सोपस्कार पाहण्याजोगा आहे. नळाच्या तोंडाला स्पिरिटच्या बोळ्यानं जाळ द्यायचा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडून द्यायचं, निर्जंतुक बाटली तोंडाला हात न लावता भरायची, वर थोडी जागा ठेवायची, आणि बर्फाच्या डब्यातून काही तासांत पोचवायची. बाटलीत आधीच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असतं. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला परीक्षानळ्या दाखवल्या. जांभळा रस, त्यात लॅक्टोज साखर. प्रत्येक नळीत एक बोटाच्या पेराएवढी नळी उलटी बुडवलेली. जंतूंनी साखर खाल्ली की आम्ल होतं, रस जांभळ्याचा पिवळा होतो, आणि निघालेला वायू त्या उलट्या नळीत बुडबुडा होऊन अडकतो. आमच्या बहुतेक नळ्या पिवळ्या, आणि आतल्या नळीत वर चढून बसलेला बुडबुडा. तेच जंतू पुढे साडेचव्वेचाळीस अंशाला वाढवून पाहतात, कारण आतड्याबाहेरचे पुष्कळसे त्या उष्णतेत टिकत नाहीत. आमचे टिकले. भारतीय मानक सांगतं की पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय सापडता कामा नये. कागद हातात आला तेव्हा ह्यांनी कचोरीची बाजू घेणं सोडलं.

आता मैला शिरतो कुठून? शेजाऱ्याचं पाणी चांगलं आणि आमचं वाईट, म्हणजे धरणाचा किंवा शुद्धीकरणाचा प्रश्न नाही. (तिघऱ्याचं धरण आम्हां ग्वाल्हेरकरांचा अभिमानाचा विषय. खडकवासल्याला बसवलेले विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे नंतर इथेही बसले, आणि अण्णा हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात.) पुतणीनं क्लोरोस्कोप आणला. छोट्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, क्लोरीन असेल तर पिवळा रंग, आणि तो डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं. नळ आले तेव्हा ती आमच्या नळाशी आणि तिचा भाऊ शेजारी, असे दोघं एकाच वेळी उभे राहिले. शेजारी पहिल्यापासून पिवळं. आमच्याकडे आधी पाण्याचाच रंग, आणि बऱ्याच वेळानं फिकट पिवळं. क्लोरीन कुठेतरी वाटेत खर्च होत होतं. घाण असली की क्लोरीन आधी तिच्यावरच संपतं.

मिस्त्रीनं रस्त्यालगतची फरशी उचलली. आमच्या जुन्या लोखंडी पाइपचा हातभर तुकडा सरळ नालीतून गेला होता, आणि सांध्याशी गंजून पापुद्रे सुटलेले. "दीदी, ये तो नाली का पानी पी रहा है," तो म्हणाला. नळ चालू असताना दाब आतून बाहेर असतो, तेव्हा फक्त पाणी वाया जातं. पण नळ जातात तेव्हा पाइप रिकामा होतो, आणि गल्लीत प्रत्येकाकडे टुल्लू, म्हणजे नळातून पाणी ओढणारी छोटी मोटर आहे. नळ आले रे आले की सगळे खटके एकदम पडतात. इतक्या मोटरी ओढू लागल्या की पाइपमध्ये ओढ निर्माण होते आणि तो मिळेल त्या भोकातून ओढतो. पावसात नाली भरलेली असली की मग बघायलाच नको. हुबळी-धारवाडला चोवीस तास पाणी असणाऱ्या वस्त्या आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्त्या शेजारी शेजारी ठेवून संशोधकांनी तपासल्या आहेत. खंडित पुरवठ्याचं पाणी जास्त दूषित निघालं, त्यातही नळ आल्याबरोबरचं आणि पावसाळ्यातलं.

नवा प्लास्टिकचा पाइप नालीच्या वरून भिंतीला धरून नेला. ते काम एका दुपारीत झालं. हौदाचं काम मात्र रेंगाळलं.

टाकी धुणारे जे आले त्यांनी पाणी उपसलं, झाडू फिरवला, ब्लीचिंग पावडर भिरकावली आणि पैसे घेऊन गेले. पुढच्या नळाचं पाणी भरलं, बाटली लावली, पुन्हा काळी. मी पुतणीवरच चिडले. ती म्हणाली, "काकू, भिंतीवरून बोट फिरवून बघा." हौदाच्या भिंतीवर बुळबुळीत थर होता. भिजवलेल्या सब्जाच्या बीभोवती जसा गिळगिळीत पडदा येतो, तसाच पडदा जंतू आपल्याभोवती विणतात आणि त्यात वसाहत करून राहतात. पाण्यात मोकळा तरंगणारा जंतू क्लोरीननं मिनिटांत मरतो. थरातल्यापर्यंत क्लोरीन पोचायच्या आतच वरच्या चिकटपणावर संपून जातं. आपण पाणी बदलतो, पण त्यांचा मुक्काम भिंतीवर असतो. नवं पाणी आलं की थरातले काही सुटून त्यात येतात.

म्हणून दुसऱ्या खेपेला आधी घासणं. वायरचा ब्रश, कोपरे, पायऱ्यांच्या खालची बाजू, मोटरच्या पाइपचं तोंड, सगळं. एक माणूस आत, एक बाहेर, झाकण उघडं, तोंडाशी पंखा. आतला गडी भिंतीवर तेजाब, म्हणजे ॲसिड, मारू म्हणत होता. त्याला कडक शब्दांत थांबवलं. ब्लीचिंग आणि तेजाब एकत्र आले की क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद हौदात तो माणूस मारू शकतो. घासून, धुऊन, गाळ उपसून झाल्यावर हौद भरला आणि लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन बसेल अशी पावडर घातली. आमचा हौद चार हजार लिटरचा, म्हणजे 200 ग्रॅम क्लोरीन. ताज्या पावडरीत ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, पण पिशवी उघडी राहिली की उतरत जातं, म्हणून पाऊण किलो धरली. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी ओतलं. तेच पाणी गच्चीच्या टाकीत चढवून प्रत्येक घराचा नळ वास येईपर्यंत सोडला, म्हणजे पाइपही धुतले जावेत. रात्रभर कुणी नळाला हात लावायचा नाही. सकाळी सगळं काढून टाकलं आणि नव्या पाण्यानं भरलं.

अण्णा खुर्ची टाकून हे सगळं पाहत होते. "आमच्या लहानपणी विहिरीत लाल दवा टाकली की काम संपायचं." ते खोटं नाही. आग्र्याला सरकारी रसायन-परीक्षक असलेले हँकिन ह्यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रसार केला होता. ह्याच हँकिननी 1896 साली लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात आणि तेच पाणी उकळलं तर मरत नाहीत. पुढे जंतूंना खाणारे विषाणू सापडले तेव्हा त्या नोंदीची आठवण निघाली. पण लाल दवा पटकीच्या जंतूंपुरती ठीक, बाकीच्यांपुढे तिचं फारसं चालत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी आता ती सुचवत नाहीत. हे मी अण्णांना समजावलं. विहिरीला आम्ही हात लावला नाही, ते पाणी झाडांना.

ह्यानंतरच्या बाटल्या पिवळ्याच राहिल्या. हौदाची, टाकीची, ओट्यावरच्या नळाचीही. आरओची फिल्टरं बदलली, टाकी आणि तोटी साफ करून घेतली, आणि तोटीला हात पुसल्याशिवाय लावायचा नाही असा नियम सासूबाईंनी स्वतः काढला. नळ आले की पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी हौदात न घेता अंगण धुवायला सोडतो. ह्यांना ती नासाडी वाटते. मला नाही वाटत, अंगण तर रोज धुवायचंच असतं. हौद भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पावडर ह्या हिशेबानं घालते, तासभर थांबते आणि क्लोरोस्कोप लावते.

गल्लीत मात्र टुल्लू बंद करायला कुणी तयार नाही. एकानं बंद केला तर त्याच्याच घरी पाणी येणार नाही, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मी फक्त मिस्त्रीचा नंबर देते आणि आपापला पाइप नालीत आहे का ते पाहा म्हणते. चार घरांनी फरशा उचलल्या, त्यातल्या दोघांचे निघाले.

बाटल्या आता बऱ्याच जणी मागून नेतात, म्हणून एक गोष्ट प्रत्येकीला बजावते. काळी पडलेली बाटली मोरीत रिकामी करू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. भरताना तिच्यात मूठभर जंतू असतील तर रात्रभरात त्यांचे कोट्यवधी झालेले असतात. झाकण उघडून ब्लीचिंगचं दाट पाणी वरपर्यंत भरायचं, काळा रंग उडेपर्यंत आणि नंतरही तासभर तसंच ठेवायचं, मग संडासात ओतायचं आणि हात साबणानं धुवायचे.